सीझन संपू द्या

नगर जिल्ह्यात एखाद्याचं नाव आठवत नसेल तर खुशाल ‘भाऊसाहेब’ म्हणावं. निम्म्या वेळा तेच त्याचं नाव निघतं, उरलेल्या वेळा माणूस खूश होतो. ज्या गृहस्थांविषयी लिहायचं आहे त्यांनाही आपण भाऊसाहेबच म्हणू, कारण ते एकटे नाहीत. कोपरगावपासून जामखेडपर्यंत जिथे जिथे सहकारी साखर कारखाना, पतसंस्था, दूध संघ किंवा शिक्षणसंस्था आहे आणि तिच्या एखाद्या खोलीत एसीखाली डेटाबेसचा सर्व्हर घुंss करत बसलाय, तिथे तिथे खोलीच्या दाराशी एक भाऊसाहेब खुर्ची टाकून बसलेले असतात. आपण कारखान्यातले घेऊ. तिथे हा नमुना सगळ्यांत चांगला पोसला जातो.

हुद्दा ईडीपी मॅनेजर, म्हणजे संगणक विभागाचे प्रमुख. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक पेनड्राइव्ह, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सर्व्हर रूमचा एसी कायम अठरावर, त्यामुळे नगरच्या मे महिन्यात स्वेटर आणि कानटोपी घालून हिंडणारा जिल्ह्यातला हा एकमेव इसम. बाहेर शिपाई पंख्याखाली घाम पुसत असतात आणि भाऊसाहेब आतून नाक ओढत बाहेर येतात.

सर्व्हर रूमचे नियम कडक आहेत. चपला बाहेर. रजिस्टरमध्ये सही, वेळ आणि कामाचं कारण. खुद्द चेअरमन एकदा पाहुण्यांना सर्व्हर दाखवायला घेऊन आले तेव्हा त्यांनाही पायातलं काढावं लागलं, आणि मोज्याला भोक असल्याचं पाहुण्यांनी पाहिलं. दसऱ्याला सर्व्हरला झेंडूचा हार, हळदकुंकू. नारळ मात्र खोलीबाहेर फोडायचा, पाणी उडायला नको. दाराला लिंबू-मिरची दर शनिवारी ताजी.

सुरक्षेची इतकी काळजी घेणाऱ्या माणसाच्या सर्व्हरचा पासवर्ड म्हणजे माजी चेअरमनच्या पहिल्या जीपचा नंबर. तो कारखान्याच्या सगळ्या ड्रायव्हरांना पाठ आहे. शिवाय गावोगावच्या गट ऑफिसांतून उसाच्या नोंदी थेट भरता याव्यात म्हणून डेटाबेसचं एक पोर्ट इंटरनेटवर सताड उघडं आहे. त्या वाटेने येणाऱ्याला चपला काढाव्या लागत नाहीत, रजिस्टरमध्ये सहीही करावी लागत नाही.

अपडेटचा विषय निघाला की भाऊसाहेब एवढंच विचारतात, “चाललंय ना? मंग?”

या प्रश्नाला उत्तर नाही. जे चाललंय ते चाललेलंच असतं.

हे वाचून कुणाला भाऊसाहेब अडाणी वाटले तर तो अन्याय होईल. प्रवरानगरला १९५० मध्ये महाराष्ट्रातल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, तेव्हापासून या जिल्ह्यातलं राजकारण, लग्नं आणि भांडणं उसाच्या वजनावर चालत आलेली आहेत. ऊस घातल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असं कायदा म्हणतो. पंधरवड्याची बिलं जेव्हा बारा कारकून रात्रभर हाताने लिहीत, त्या काळात भाऊसाहेब नोकरीला लागले. त्यांनीच ती बिलं आधी फॉक्सप्रोमध्ये आणली, नंतर एसक्यूएल सर्व्हरवर. एकही बिल चुकलं नाही. सभासदाचा कोड सांगितला की ते नाव, गाव, गट, कोणत्या ओढ्याकाठचं रान आणि त्या रानावरून कोणाशी दावा चालू आहे, सगळं सांगतात. सर्व्हर बंद पडला तरी कारखाना दोन दिवस चालेल, भाऊसाहेब बंद पडले तर चालणार नाही, असं एमडी म्हणतात. भाऊसाहेबांची रजा नामंजूर करताना म्हणतात, ते वेगळं.

आणि ते मुळातले असे नव्हतेच. एका जानेवारीत, ऐन गाळपात, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने पुण्याहून एक मुलगा पाठवला. “सर, छोटासा अपडेट आहे, पाच मिनिटं,” म्हणून त्याने बटण दाबलं आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत वजनकाटा मुका झाला. काट्यावरचा आकडा स्क्रीनवर येईना, आकड्याशिवाय स्लिप निघेना, स्लिपशिवाय ट्रॅक्टर आत घेता येईना. दुपारपर्यंत ट्रॉल्यांची रांग केनयार्डातून गेटबाहेर आणि गेटबाहेरून हमरस्त्यावर गेली. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजन घटतं आणि साखरही. हे ज्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही असे दीड-दोनशे लोक भाऊसाहेबांच्या खोलीसमोर जमले. चेअरमनचा फोन आला, आमदारांचा आला, शेवटी घरून आला, कारण रांगेत मेव्हण्याची ट्रॉली होती. पुण्याचा मुलगा “रोलबॅक करतो” म्हणाला आणि संध्याकाळच्या एसटीने स्वतःच पुण्याला रोलबॅक झाला. संचालक मंडळाच्या सभेत नाव निघालं ते भाऊसाहेबांचं.

त्या दिवशी त्यांना एक हिशेब कळला, तो कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. अपडेट लावला आणि बिघडलं, तर दोष भाऊसाहेबांचा. अपडेट लावला नाही आणि बिघडलं, तर दोष हॅकरचा. आणि अपडेट लावून काहीच बिघडलं नाही, तर भाऊसाहेबांनी काही केलं हेच कुणाला कळत नाही. तीन रकान्यांत एकही फायद्याचा नाही, फक्त मधल्यात शिव्या दुसऱ्याला पडतात. शहाणा माणूस मधला रकाना निवडेल. भाऊसाहेब शहाणे आहेत.

मात्र “लावणार नाही” असं ते कधीच म्हणत नाहीत. सहकारात नकार देत नाहीत, तारीख देतात. ऑक्टोबरअखेर बॉयलर पेटला की सीझन, तो मार्चपर्यंत. सीझनमध्ये सर्व्हरला हात लावण्याची भाषा काढणाऱ्याकडे भाऊसाहेब असं बघतात, जणू त्याने गव्हाणीत पाय घालायची परवानगी मागितली असावी. “सीझन संपू द्या.” सीझन संपतो, तेव्हा मार्चअखेर असते. मार्चअखेरीनंतर ऑडिट. मेमध्ये मागे राहिलेली बिलं आणि लग्नसराई, भाऊसाहेबांना रोजची दोन लग्नं. जूनपासून आडसाली लागणीच्या नोंदींची तयारी. आषाढीला निम्मा स्टाफ दिंडीत. श्रावणात सप्ताह. सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा, अहवाल छापायचा, सभासदांची यादी काढायची. मग पितृपक्ष, त्यात नवं काम काढत नाहीत. मग दसरा, आणि दसऱ्यानंतर बॉयलर. पाच वर्षांतून एकदा संचालक मंडळाची निवडणूक येते, ते वर्ष तर सबंधच सोडून द्यायचं, कारण मतदारयादी त्याच सर्व्हरवर असते.

एसक्यूएल सर्व्हर बनवणारी मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून आपले सुरक्षेचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी काढते. अमेरिकेतली ती सकाळ इथे येईपर्यंत रात्रीचे साडेदहा नाहीतर साडेअकरा वाजलेले असतात. भाऊसाहेबांचं यावरही मत आहे. रात्री काढलेली वस्तू, तीही मंगळवारी, चांगली निघेल कशी?

अशा नीट बसलेल्या संसारात २०२४ च्या उन्हाळ्यात एक ताई आली. राहुरीकडची, लोणीला इंजिनिअरिंग केलेली. पहिल्याच आठवड्यात तिने सर्व्हरला एका ओळीत त्याची आवृत्ती विचारली. उत्तर आलं, १५.०.२०००.५.

“सर, हा एसक्यूएल सर्व्हर २०१९ आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीतून जसा बाहेर पडला तसाच. एकही अपडेट नाही.”

“शेवटी पाच आहे की.”

“ते पाच अपडेट नाहीत, सर. तो मूळ नंबर आहे.”

भाऊसाहेबांनी कानटोपी वर सरकवली. “ताई, सातव्या अपडेटचं काय झालं, माहिती आहे?”

ताईला माहिती होतं, पण भाऊसाहेबांना माहीत असेल असं तिला वाटलं नव्हतं. या आवृत्तीसाठी फेब्रुवारी २०२५ पर्यंत एकूण बत्तीस संचयी अपडेट निघाले. पैकी सातवा, सप्टेंबर २०२० मधला, कंपनीने स्वतःच मागे घेतला, कारण त्याने डेटाबेसच्या स्नॅपशॉटमध्ये घोटाळा होत होता. बाकीच्या अपडेटांबद्दल भाऊसाहेबांना काहीही ठाऊक नव्हतं. सातव्याची छापील प्रत मात्र त्यांच्या ड्रॉवरमध्ये होती, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, देवाच्या फोटोशेजारी.

ताईने मग स्लॅमरची गोष्ट सांगितली. २५ जानेवारी २००३. एसक्यूएल सर्व्हर २००० मधल्या एका भोकातून अवघा ३७६ बाइटचा एक किडा शिरला. पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. दर साडेआठ सेकंदांना त्याची संख्या दुप्पट होत होती. जी यंत्रं बळी पडू शकत होती त्यांतली बहुतेक दहा मिनिटांत पडली, सुमारे ७५ हजार. दक्षिण कोरियात इंटरनेट बसलं, अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाच्या हजारो एटीएममधून पैसे निघेनात. आणि या भोकावरचा पॅच आधीच्या वर्षी २४ जुलैला, म्हणजे सहा महिने आधी, निघालेला होता.

“लोकांनी लावला नाही?”

“नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टच्याही काही सर्व्हरवर लावलेला नव्हता. त्यांच्यातही किडा शिरला.”

भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू जन्माचा सोबती भेटावा. “म्हणजे त्यांचं बी सीझन चालू असंल.”

ताईने पवित्रा बदलला. “सर, आपलं पोर्ट उघडं आहे.”

“ताई, शिंगणापूर कुठं आलं?”

“नेवासे तालुक्यात.”

“घरांना दारं आहेत? नाहीत. काय वाकडं झालं?”

“तिथे २०११ मध्ये युको बँकेने बिनकुलपाची शाखा काढली, सर. पण तिच्या काचेच्या दाराला सहज दिसणार नाही असं विजेच्या चुंबकाचं कुलूप आहे. आणि २०१५ पासून गावात पोलीस ठाणंही आहे.”

“ते बदल्यांची सोय म्हणून.”

“शनिदेवाचा धाक चोराला वाटतो, कारण चोर माणूस असतो. हा किडा प्रोग्रॅम आहे. तो वाटेल ते पत्ते आपोआप काढतो आणि निरोप टाकत सुटतो. त्याला शनी माहीत नाही.”

“पण शनीला तो माहितीये ना? वार कोणता होता, तेवढं सांगा.”

२५ जानेवारी २००३ ला शनिवार होता. ताईने कॅलेंडर बघून हे कबूल केलं आणि त्या दिवसाचा वाद हरली.

तिने पुढे रोज एक संकट आणायला सुरुवात केली, आणि ती प्रत्येक वेळी थोडं जवळचं निवडत गेली. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने न्हावा-शेव्याचं एक टर्मिनल बंद पाडलं. व्हायरस ज्या भोकातून यंत्रायंत्रांत पसरला त्यावरचा विंडोजचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. भाऊसाहेबांनी बारकाईने चौकशी केली आणि त्यांना हवा तो धागा सापडला. मुळात हा व्हायरस जगात सुटला तोच युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. “बघा,” ते म्हणाले, “अपडेटमधूनच आला ना?” पण बंदराबाहेर कंटेनरच्या ट्रकांची कोंडी झाली हे ऐकल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. रांगेचं नाव काढलं की त्यांना मेव्हणा दिसतो.

मग ऑगस्ट २०१८, पुण्याची कॉसमॉस बँक. तिच्या यंत्रणेत मालवेअर घालून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले, त्यांतले बरेचसे परदेशांतल्या एटीएममधून.

“ते पुणं आहे,” भाऊसाहेब म्हणाले. “वाघोली आणि शिक्रापूरची कोंडी ओलांडून इकडं कोण येतोय?”

नगर-पुणे रस्त्याने कधी प्रवास केलेल्या माणसाला हा युक्तिवाद खोडता येणार नाही. ताईनेही खोडला नाही.

१९ जुलै २०२४ हा भाऊसाहेबांच्या आयुष्यातला सुवर्णदिन. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट पाठवला आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. विमानं थांबली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यातल्या एका पासाचा फोटो भाऊसाहेबांनी मोबाइलवर जपून ठेवला. दुपारी संगणक विभागात पेढे आले. “वळणदार अक्षर आहे,” ते फोटो दाखवत म्हणाले. “आमच्या जुन्या बिल कारकुनांचं असंच होतं.” ताईने पेढा खाल्ला. इलाज नव्हता.

पेढ्यांची चव पुरते दोन आठवडे टिकली नाही. जुलैअखेरीला छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला, आणि खबरदारी म्हणून तिला देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून तोडण्यात आलं. सुमारे तीनशे बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबले. त्या पुण्या-मुंबईतल्या मोठ्या बँका नव्हत्या. सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या, म्हणजे आपल्यातल्याच. आपला सर्व्हर कुणाला माहीत, आपल्याकडे चोरायला आहे काय, उसाच्या स्लिपा? हा भाऊसाहेबांचा सगळ्यांत जुना बुरूज होता. त्या दिवशी ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी टपरीवर चहाचे पैसे रोख दिले आणि उरलेली चिल्लर मोजून घेतली.

२०२४ मध्येच जिल्ह्याचं नाव बदललं. सर्व्हरवर भाऊसाहेबांनी आपणहून कशाला हात लावला असेल तर तो एवढ्याच वेळी, आणि तेही शासनाचा आदेश छापून, फाइलला लावून, वर एमडींची सही घेऊन. अहमदनगरचं अहिल्यानगर केलं. दुसऱ्या दिवशी छापलेल्या स्लिपांवर इंग्रजी नावातला शेवटचा ‘आर’ गायब. जुन्या नावाची रोमन अक्षरं दहा, नव्याची अकरा, आणि स्लिपवरचा रकाना दहाचा. चेअरमननी विचारलं, आपला आर कुठे गेला? भाऊसाहेबांनी रकाना वाढवला, पण घामाघूम होऊन, अठरा डिग्रीत.

ताईने ही संधी सोडली नाही. “सर, आपल्या रकान्याने अकरावं अक्षर कापलं, म्हणून नुसता आर गेला. तो स्लॅमर आठवतो? त्या सर्व्हरने येणाऱ्या निरोपासाठी स्मरणात ठरावीक जागा ठेवली होती, पण निरोपाची लांबी मोजली नाही आणि जास्तीचं कापलंही नाही. जास्तीचा मजकूर शेजारच्या जागेत सांडला. आणि यंत्राने पुढे काय करायचं, तो हुकूम नेमका तिथे लिहिलेला असतो. किड्याने तिथे स्वतःचा हुकूम लिहिला.”

भाऊसाहेब बराच वेळ स्लिपकडे बघत राहिले. इतक्या अपडेटांनी झालं नाही ते एका आरने केलं. पहिल्यांदाच त्यांना प्रकरण समजलं. समजलं म्हणजे पटलं असं नव्हे. “बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “सीझन संपू द्या.”

सीझन संपला. ८ जुलै २०२५, महिन्याचा दुसरा मंगळवार. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१६ पासूनच्या आवृत्त्यांतलं एक नवं भोक त्या दिवशी बुजवण्यात आलं. पासवर्ड नसलेला माणूस दुरून सर्व्हरला विचारू शकत होता, आणि सर्व्हर उत्तरासोबत आपल्या स्मरणातल्या न पुसलेल्या जागेवरचं काहीबाही त्याच्या हाती देऊ शकत होता. त्या जागेत आधी कुणाचं काय होतं, ते नशिबावर. पॅच निघण्याआधीच या भोकाचा बोभाटा झालेला होता. ताई बुधवारी सकाळीच दारात उभी. “सर, सभासदांचे बँक खाते नंबर याच सर्व्हरवर आहेत.”

या वेळी ती तयारीनिशी आली होती. पॅच लावायच्या दोन वाटा असतात. एक, बत्तीसही संचांतल्या सगळ्या सुधारणा घ्यायच्या आणि वर सुरक्षेचा पॅच. दुसरी, फक्त सुरक्षेपुरतं तेवढं घ्यायचं, बाकी कशाला हात नाही. ‘बाकी कशाला हात नाही’ हे शब्द ऐकून भाऊसाहेबांनी खुर्ची पुढे घेतली. मग आषाढीची दिंडी परत आली, श्रावण गेला, गणपती गेले, सर्वसाधारण सभा गोंधळात पार पडली, पितृपक्ष संपला. खुर्ची पुढे घेतलेलीच होती.

शेवटी काम झालं ते मिल फोरमनमुळे, आणि त्याला सर्व्हर म्हणजे काय हे आजतागायत माहीत नाही. दसऱ्याच्या सुमाराला कॅन्टीनमध्ये ओव्हरहॉलिंगचा विषय चालला होता. हंगाम संपला की कारखान्यात मिलचे रोलर काढतात, टर्बाइन उघडतात, बॉयलरच्या नळ्या तपासतात. हंगामभर सुरळीत चालल्या म्हणून त्या वर्षी उघडायच्या नाहीत, असं कुणी म्हणत नाही.

“भाऊसाहेब, तुमच्या मशिनीचं ओव्हरहॉलिंग कधी असतंय?” फोरमनने सहज विचारलं.

“आमचं मशीन खोलावं लागत नाही,” भाऊसाहेब अभिमानाने म्हणाले. “सहा वर्षं एकदा बी खोललं नाही.”

फोरमनने भज्याचा तुकडा मोडला. “मंग ते मशीन नसंल. टीव्ही असंल.”

सगळं कॅन्टीन हसलं. भाऊसाहेबांनी चहा अर्धा टाकला, सर्व्हर रूमवर आले आणि ताईला म्हणाले, “रविवारी लावू.”

पुढचा भाग ऐकल्यावर कुणीही भाऊसाहेबांना टोपी काढून नमस्कार करावा. शुक्रवारी ताईने विचारलं, बॅकअप कुठे आहे? रोज रात्री दोनला होतो, भाऊसाहेबांनी हिरवा दिवा दाखवला. ती म्हणाली, जुन्या कॉम्प्युटरवर उघडून बघू. उघडेना. बॅकअपची डिस्क गेल्या दिवाळीपासून भरलेली होती. दिवा विजेचा होता, बॅकअपचा नव्हता. भाऊसाहेब पाच मिनिटं गप्प बसले. सबब सांगितली नाही, कुणावर ढकललं नाही. रात्रभर बसून त्यांनी तीन ठिकाणी तीन बॅकअप घेतले, तिन्ही उघडून पाहिले, मेव्हण्याच्या नावावरचं गेल्या हंगामातलं टनेज तिन्हींत सारखं आलं तेव्हा उठले. एक हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून जेवणाच्या डब्यातून घरी नेली.

रविवारी ताईने पॅच लावला. यंत्र बंद होऊन परत सुरू झालं. स्क्रीन काळा होता त्या अवधीत भाऊसाहेब खोलीबाहेर जाऊन चपला घालून उभे राहिले, वेळ आलीच तर पळायला बरं. सर्व्हर उठला. आवृत्तीचा नंबर बदललेला. पण काट्याचा आकडा येईना.

ताईचा चेहरा उतरला. भाऊसाहेब चपला काढून आत आले, खुर्चीत बसले आणि काट्याला जोडणारी एक जुनी सर्व्हिस हाताने सुरू केली. यंत्र बंद करून सुरू केलं की ती आपोआप उठत नाही, हे कुठल्याही पुस्तकात, फाइलमध्ये, करारात लिहिलेलं नव्हतं. पुण्याच्या त्या मुलालाही ठाऊक नव्हतं. त्या जानेवारीत ज्या माणसाला विचारायला हवं होतं तो चहा आणायला पाठवला गेला होता. काट्यावर वॉचमनला उभं केलं. स्क्रीनवर त्याचं वजन आलं, स्लिप निघाली, जिल्ह्याच्या नावात आर शाबूत.

सोमवारी काहीच झालं नाही. मंगळवारीही नाही. बॉयलर पेटला, मोळी पडली, पहिली ट्रॉली आत गेली, पहिल्या पंधरवड्याची बिलं निघाली. कुणालाही काही कळलं नाही.

कळलं ते लेखा विभागाला, रविवारच्या ओव्हरटाइमचं व्हाउचर गेलं तेव्हा.

“काय बिघडलं होतं?” कारकुनाने विचारलं.

“काही नाही.”

“मग दुरुस्त काय केलं?”

“बिघडू शकलं असतं ते.”

कारकुनाकडे अशा खर्चासाठी रकाना नव्हता. आठवडाभर व्हाउचर या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं आणि शेवटी ‘सर्व्हर रूम साफसफाई व किरकोळ दुरुस्ती’ या नावाखाली मंजूर झालं. पुढे ऑडिटमध्ये ते वर आलंच. लेखापरीक्षकांनी समासात लाल शाईने शेरा मारला: ‘दुरुस्तीपूर्वी बिघाड झाल्याचा पुरावा जोडावा.’

भाऊसाहेबांनी सुवाच्य अक्षरात खुलासा लिहून पाठवला: ‘पुरावा तयार होण्यापूर्वीच दुरुस्ती केली. क्षमस्व.’